बोटांमधली ओल

भट्टी उघडली तेव्हा मी आधी धाकट्या दिराचं तोंड बघितलं, कुंड्या नंतर. तोंडावरूनच कळलं काय ते.

वरचे दोन थर ठीक होते. खालच्या थरांतल्या निम्म्याहून जास्त कुंड्या गेल्या होत्या. काही उभ्या चिरल्या होत्या, काहींच्या पोटावरून नखाएवढे टवके उडाले होते आणि प्रत्येक टवक्याच्या बुडाशी एक पांढरा ठिपका. चुनखडीचा खडा. मातीत राहिला की भाजल्यावर फुगतो आणि भांड्याचं पोट फोडून बाहेर येतो. दिरांनी एक खापर उचललं, खडा टोकरून काढला आणि आमच्या ह्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला. चार शब्द बोलले असते तर परवडलं असतं.

हे खड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "लाकडं ओली होती."

"लाकडं ओली असली की धूर होतो दादा, खडे होत नाहीत," दीर म्हणाले आणि हात झटकून आत गेले.

आमच्या घरात कामं वाटलेली आहेत. चाक दिराचं. घासणं, वाळवणं, उचलठेव आणि भट्टी रचणं माझं आणि धाकट्या जावेचं. आणि माती तुडवणं ह्यांचं. हौदात भिजलेली माती शेडमध्ये पसरायची, मधोमध उभं राहायचं आणि टाचेने दाबत दाबत गोल गोल बाहेर यायचं. परत मधे जायचं, परत बाहेर. सकाळी उतरलेला माणूस जेवायलाच वर येतो. ताकद कुणातही असते हो, पण खडा ओळखणं कुणातही नसतं. ह्यांच्या तळव्याखाली मुगाएवढा खडा आला तरी हे थांबायचे, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरून तो काढायचे आणि बाजूला उडवायचे. बोलणं चालूच. दिवस संपेपर्यंत कडेला ओंजळभर खडे जमायचे. त्यावरून आम्ही ठरवायचो माती कशी आहे ते.

यंदा ओंजळ कधी भरलीच नाही. दिवसाला पाच-सात खडे. आम्ही खूश. धाकटी म्हणाली, ताई, यंदा माती लोण्यासारखी लागलीय. मी तर शेजारच्या सुतारणीला वर तोंड करून सांगून आले. अक्कल बघा आमची. माती तीच, खाण तीच, खडेही तेवढेच. कमी झालं होतं ते ह्यांच्या पायाला कळणं.

पायाचं म्हणाल तर उजव्या करंगळीच्या बुडाशी जखम होती. तीन महिने झाले होते. ती कशी झाली हेही ह्यांना ठाऊक नव्हतं. मी पाण्याची बादली घेऊन गेले तर मातीत लाल रेघ दिसली. म्हटलं, अहो, पाय बघा. ह्यांनी पाय उचलला तर खापराचा तुकडा रुतलेला. ओढून काढला, फडकं बांधलं आणि परत उतरले. मी धाकटीला कौतुकाने म्हटलं होतं, दुखणं तोंडावर दिसू देतील तर शपथ. दुखतच नव्हतं, ते दिसणार कुठून?

साखरेचा आजार सात वर्षं होता. गोळ्या आठवल्या की घ्यायच्या, नाही आठवल्या की नाही. जखमेसाठी आरोग्य केंद्रात एक दिवसाआड जात होते. तिथे पट्टी करणाऱ्याला सगळे कापूस म्हणायचे, कारण त्याच्या मिशीला कायम कापूस चिकटलेला असायचा. कापूस जखम धुवायचा, औषध लावायचा, स्वच्छ पट्टी बांधायचा आणि म्हणायचा, पाण्यात जाऊ नका. हे हो म्हणायचे आणि घरी येऊन मातीत उतरायचे. त्यात यंदा ऊनच नीट पडत नव्हतं. चार महिने आभाळ आलेलं, अंगण ओलं, कपडे ओले, माणसं ओली. जखम आठ दिवस भरल्यासारखी दिसायची, नवव्या दिवशी परत ओघळायची.

त्या संध्याकाळी जेवताना दिरांनी विषय काढलाच. "दादा, माती मळायचं मशीन आणू या. पलीकडच्यांनी आणलंय."

"मशीनला खडा कळतो?" हे म्हणाले.

"तुला कळतो?"

धाकटीचा हात ताटातच थांबला. मला दिराच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं कुणीतरी बोललं. दोन्ही वाटलं. हे बराच वेळ पाणी पीत राहिले.

"जखमेची सूज आहे," शेवटी म्हणाले. "सुजेने पाय सुन्न पडलाय. जखम भरली की सगळं कळेल. पहिल्यासारखं."

"दोन महिने थांबतो," दीर म्हणाले. "पाय ठीक झाला तर माती तुझी. मी मशीनचं नाव काढणार नाही. नाही झाला तर शेडमध्ये मशीन बसेल, आणि मग चिडायचं नाही."

"ठरलं," हे म्हणाले. पण रात्रभर त्यांनी अंथरुणात इतक्या कुशी बदलल्या की मलाही डोळा लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बरोबर गेले. कापूस रजेवर होता. त्याच्या जागी नवीन नर्सबाई. लहान चणीची, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला तोडून टाकल्यासारखी. तिने बुटक्या स्टुलावर बसून ह्यांचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. हे एवढे संकोचले की पाय मागेच ओढायला लागले. बाकावर आणखी सात-आठ जण बसलेले, सगळ्यांच्या नजरा इकडे.

बाईने पट्टी सोडली, जखम बघितली आणि मग म्हणाली, "बोटं फाकवा."

"बोटांत काय बघायचंय? जखम खाली आहे," हे म्हणाले.

"जखम बघितली. आता बोटं."

ह्यांना फाकवता येईनात, तेव्हा तिनेच दोन हातांनी करंगळी आणि शेजारचं बोट वेगळं केलं. वास आला. बाकावरच्या एकाने मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटांमधलं कातडं पांढरं फटक, बादलीत विसरलेल्या फडक्यासारखं भिजून सुटलेलं आणि तळाशी लाल चीर. ती चीर थेट जखमेपर्यंत गेली होती.

"हे कधीपासून?"

"ह्या चिखल्या," हे म्हणाले, जणू बाईने नाक कधीपासून आहे असं विचारलं होतं. "ह्या असतातच."

"कुणाला असतात?"

"मातीत काम करणाऱ्या सगळ्यांना. वडिलांना होत्या. हिलाही आहेत."

बाईने माझ्याकडे बघितलं. "चपला काढा."

घ्या. आले होते नवऱ्याला दाखवायला आणि सगळ्यांसमोर माझेही पाय बाहेर. माझ्या दोन बोटांमध्ये तेच होतं, जरा कमी. बाईने चष्मा वर सारला आणि आम्हाला दोघांना शाळेतल्या पोरांसारखं समोर बसवून सांगितलं.

"ही बुरशी आहे. ओल्या चपलेला येते ना, तसलीच, फक्त कातड्यात शिरलेली. ह्याने कातडं फाटतं. त्या फटीतून जंतू आत जातात. तुमच्यासारख्या धडधाकट बाईला नुसती खाज सुटेल. ह्यांच्या रक्तात साखर जास्त, त्यामुळे झीज लवकर भरून येत नाही. जखमेवर पट्टी दर वेळी नवी आणि शेजारी घाण तशीच. भरणार कशी?"

"मग कापसाने का नाही सांगितलं?" मी जरा तावातच विचारलं.

"त्याने बोटं बघायला हवी होती, बरोबर आहे. पण तुम्ही तरी दाखवली का?"

नव्हती दाखवली. मी तीन महिने तो पाय पुसत होते. बोटांमधलं ते पांढरं रोज दिसत होतं, आणि ते दुखणं आहे असं एकदाही मनात आलं नाही. घरात सगळ्यांनाच असलेली गोष्ट, तिला दुखणं कोण म्हणणार?

बाईने कातडं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं आणि तपासायला ठेवलं. बोट टोचून साखर बघितली आणि आकडा बघून ओठ आवळले. साखरेच्या गोळ्या बदलून घ्यायला डॉक्टरकडे पाठवलं. बोटांमध्ये लावायला मलम दिलं. पाय धुवायचा, बोटाबोटांत टिपून कोरडा करायचा, पातळ मलम लावायचं, बोटांत स्वच्छ पट्टीचा तुकडा ठेवायचा. टॉवेल वेगळा. चपला उन्हात.

"मातीत कधी उतरू?" ह्यांनी विचारलं.

"पाय कोरडा राहायला हवा. दोन महिने."

"कोरडा?" हे माझ्याकडे बघायला लागले. बत्तीस वर्षांत ह्यांचा पाय दोन दिवस सलग कोरडा राहिलेला मला आठवत नव्हता.

"आणि तळव्याला कळत नाही, त्याचं काय?" मी विचारलं. ह्यांना ते आवडलं नाही, पण विचारणं भाग होतं.

"ते जखम भरल्यावर तपासू. आधी पाय राखू. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर बोट काढावं लागलं असतं. कदाचित बोटावर भागलं नसतं."

घरी येताना हे वाटभर पायाकडे बघत चालले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "जखम भरल्यावर तपासू म्हणाली. म्हणजे जखम भरली की कळायला लागणार." बाई तसं म्हणाली नव्हती. मी म्हटलं, हो.

मग सुरू झाला आमच्या घरात पायांचा दरबार. सकाळ-संध्याकाळ चौघं ओट्यावर रांगेत बसून बोटं पुसतोय. चिखल्या दिरांनाही होत्या, धाकटीलाही. धाकटी म्हणायची, ताई, लग्नात तरी माझ्या पायांकडे कुणी एवढं बघितलं होतं का? दीर हसायचे. हसायचे नाहीत ते फक्त हे.

माणूस बसेल तर ना. खाटेवर पाच मिनिटं, मग उठून दारात, दारातून भट्टीजवळ, तिथून परत. पायाला भिंगरी लागल्यासारखं. एका टाचेवर चालायचे, ठक ठक ठक, दिवसभर तो आवाज. चाकावर बसावं म्हटलं तर ते दिराचं. कुंड्या घासाव्यात म्हटलं तर ते बायकांचं. दीर माती तुडवायला उतरले की हे खाटेवरून ओरडायचे, "टाच दे, टाच! नुसता नाचतोयस काय?" दिरांनी दोन-तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा पाय धुऊन वर आले आणि चाकावर जाऊन बसले. मातीचा ढीग तसाच. हौदातली माती वाट बघत पडलेली आणि एक माणूस नाही उतरायला.

पंधराव्या दिवशी मी आणि धाकटी लाकडं आणायला गेलो होतो. परत आलो तर शेडमधून ओळखीचा आवाज येत होता. पच, पच, पच. हे मातीत. उजव्या पायाला प्लास्टिकची पिशवी, घोट्याला सुतळीने आवळलेली.

"ओरडू नकोस," मला बघितल्याबरोबर म्हणाले. "पाय कोरडा आहे. पाण्याचा थेंब गेला नाही आत."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच उतरलोय."

मातीवर बाहेरपर्यंत पाच फेरे उमटलेले होते. म्हणजे सकाळपासून. मी सुतळी सोडली. पिशवीतून आंबूस वाफ आली. बाहेरचं पाणी आत गेलं नव्हतं, पण आतला घाम तरी कुठे जाणार? बोटांमधली पट्टी चिंब, कातडं परत पांढरं, आणि पंधरा दिवसांत कडेने आत सरकत आलेली जखम परत उघडी. सुतळीचा वळ एवढा खोल की बोट बसावं. तोही कळला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. शेजारी टाकलेल्या भाऱ्यातलं एक लाकूड उचलून मी तिथेच आपटलं. "बोट कापून टाकायचंय का तुम्हाला? सांगा तसं. विळा आहे घरात, मीच कापते. रोज पुसायची कटकट तरी संपेल."

हे मातीत तसेच उभे राहिले, एक पाय उघडा, एक माझ्या हातात. मग हळू म्हणाले, "मी काय करू घरात? सांग ना. मी काय करू?"

मी त्यांचा पाय पुसला, त्यांना खाटेवर नेऊन बसवलं, लुगडं खोचलं आणि मातीत उतरले. चीड होती, दुसरं काही नाही. आमच्याकडे बायका माती तुडवत नाहीत. धाकटी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

पहिल्या दिवशी पोटऱ्यांचे गोळे झाले. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. तिसऱ्या दिवसापासून हे खाट ओढून शेडच्या दाराशी बसायला लागले. आधी नुसते चुकचुकायचे. मग सांगायला लागले. "कमरेतून नको, गुडघ्यातून. टाच फिरव. मधे जा, मधे राहिलंय." मी म्हणायचे, तोंड बंद ठेवा, नाही तर या खाली. ते म्हणायचे, आलो असतो, माझी बायको विळा घेऊन बसलीय. तेवढं बोलणं झालं की दोघांनाही बरं वाटायचं. संध्याकाळी मात्र मी आधी माझे पाय बोटाबोटांत कोरडे करायचे, मग त्यांचे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. मला खडे कळायला लागले होते. पहिला लागला तेव्हा सुई टोचल्यासारखं वाटलं आणि मी जागीच थांबले. हे लगेच म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, कंबर भरली. वाकून खडा काढला आणि मुठीत ठेवला. कडेला टाकला असता तर त्यांना दिसला असता. मग मी तसंच करायला लागले. खडे लुगड्याच्या ओच्यात टाकायचे आणि मागच्या दारी जाऊन झटकायचे. चोरी केल्यासारखं वाटायचं. त्यांची जागा मी घेत होते आणि ते मला ती घ्यायला शिकवत होते.

एकदा त्यांनीच विचारलं, "खडे लागत नाहीत का तुला?"

"माझ्या पायाला कुठलं कळायला," मी म्हटलं.

"कळेल, कळेल," हे म्हणाले. "घाई नाही. मी येतोच आहे."

जखम भरत होती. हे खरंच. बुरशी आधी गेली. महिन्याभरात बोटांमधलं कातडं गुलाबी, कोरडं झालं, वास गेला. मग जखमेने मनावर घेतलं. आधी तळ वर आला, मग कडा जवळ आल्या. साखर उतरली होती. गोळ्या मी हातावर ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोरून हलायचे नाही. सातव्या आठवड्यात करंगळीच्या बुडाशी नुसती एक चमकती खूण उरली. हे ती आल्यागेल्याला दाखवायचे. सुताराला दाखवली, दूधवाल्याला दाखवली.

"आणि कळतंय आता," एके दिवशी दिरांना म्हणाले. "काल मुंगी चढली पायावर. लगेच कळली."

दिरांनी चाक थांबवलं. "खरंच?"

"अरे खरंच."

दिरांचा चेहरा खुलला. काही झालं तरी भाऊ आहे. त्यांना काय हौस होती मशीनची? मुंगी चढली तेव्हा मी शेजारीच बसले होते. हे पायाकडेच बघत होते. पण मीही तेव्हा मान डोलावली. मला मुंगी खरी वाटायला हवी होती.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी हे घासून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तयार. दिरांना म्हणाले, "माती भिजवून ठेव. दुपारी उतरतो." आरोग्य केंद्रापर्यंत असे चालले की मला पळावं लागलं.

बाईने पाय मांडीवर घेतला. ह्यांनी न सांगता बोटं फाकवली. "वा," बाई म्हणाली. पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं. "जखम बंद. बुरशी नाही. तुमचा पाय तुम्ही राखलात."

"हिने राखला," हे म्हणाले. इतक्या लोकांसमोर. मी पदराशी चाळा करत बसले.

मग बाईने खणातून एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाड दोरा, बोटभर लांब. "हा मी तळव्याला टेकवणार. कळलं की कळलं म्हणायचं. डोळे मिटा."

ह्यांनी डोळे मिटले. बाईने अंगठ्याखाली दोरा टेकवला, तो वाकला. "कळलं," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात बाईने माझ्याकडे बघितलं. मग मलाही दिसलं. ह्यांच्या पापण्या पुरत्या मिटल्या नव्हत्या.

बाईने नुसती मान हलवली. मी उठले, ह्यांच्या मागे उभी राहिले आणि माझा तळहात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

"हा काय पोरखेळ?" हे म्हणाले. पण हसत होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

बाईने अंगठ्याला दोरा टेकवला. वाकेपर्यंत दाबला. मग चवड्याला, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला. करंगळीला. तळव्याच्या मधोमध. टाचेला. प्रत्येक वेळी दोरा वाकत होता आणि प्रत्येक वेळी ती थोडं थांबत होती, वाट बघत होती. मीही वाट बघत होते. मग डावा पाय. परत अंगठा, परत चवडा, परत टाच. ज्या टाचेने त्यांनी बत्तीस वर्षं माती मळली, तिथे तिने दोनदा टेकवला. माझ्या तळहाताखाली त्यांचे डोळे हलत होते, शोधत असल्यासारखे.

बाईने दोरा खाली ठेवला. पेन उचललं, पण लिहिलं नाही.

"अहो बाई," हे म्हणाले, "करा ना सुरू. मी तयार आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी हात काढला नाही. म्हटलं, अजून थोडा वेळ ह्यांना तयारच राहू दे.